आमच्या माउंडची माती परत द्या

मा. जिल्हा क्रीडा अधिकारी साहेब आणि जिल्हा क्रीडा परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य यांना,

स. न. वि. वि.

आमच्या तालुका क्रीडा संकुलाच्या उगवतीच्या कोपऱ्यात मातीचा एक उंचवटा होता. बेसबॉलचा माउंड, म्हणजे चेंडू टाकणारा पिचर ज्यावर उभा राहतो तो. दहा इंच उंच, अठरा फूट रुंद, गोल. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणी ट्रॉली रिकामी करून विसरून गेलंय. गेल्या महिन्यात नाईट क्रिकेटच्या स्पर्धेसाठी मैदान समतल करायचं ठरलं, जेसीबी आला आणि वीस मिनिटांत तो उंचवटा गेला. त्याच आठवड्यात तुमच्या कार्यालयाचं पत्र शाळेत आलं. बेसबॉल आणि सॉफ्टबॉलचं पंधरा दिवसांचं प्रशिक्षण शिबिर खर्चाच्या कारणानं यंदा होणार नाही. त्याऐवजी एक दिवसाची निवड चाचणी होईल आणि वाचलेल्या पैशांतून निवडलेल्या संघाला ट्रॅकसूट मिळतील.

मी दोन अर्ज दिले. एकावर आवक क्रमांक पडला, दुसऱ्यावर तोही पडला नाही. "सर, एका ढिगाऱ्यासाठी एवढं काय?" असं मला टेबलावर विचारलं गेलं. विचारणाऱ्याचा दोष नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. ते सांगावं आणि चार लोकांनी वाचावं म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे.

आधी ढिगाऱ्याचं. पहिल्या वर्षी आम्ही शेजारच्या वावरातली काळी मातीच ओढली. मृगाचा पाऊस पडला आणि माउंड फुगला, पोरांचे बूट रुतून बसायला लागले. दिवाळीनंतर त्यालाच बोट जाईल एवढ्या भेगा. कापसाची जमीन ती, पाणी प्यायली की फुगते, वाळली की तडकते. तिच्यावर पऱ्हाटी उभी राहते, पिचर राहत नाही. दुसऱ्या वर्षी फूटभर काळी माती खोदून फेकली, खाली मुरूम ठोकला, वर वीटभट्टीवरची चिकण माती टाकली. संध्याकाळी पाणी मारायचं, सकाळी धुमसानं ठोकायचं. चार ट्रॉल्या लागल्या. ट्रॅक्टर एका पालकाचा, डिझेल माझं. पिचरचा पाय टेकतो ती रबराची पट्टी ट्रकच्या फुटक्या टायरची कापलेली. पुढचा पाय पडतो तिथे रोज खड्डा पडायचा आणि रोज संध्याकाळी पोरं तो बुजवायची. त्या खड्ड्याची जागा बघून मला न विचारता कळायचं, आज कुणाचा पाय आखूड पडतोय.

बेसबॉलचा पिचर सपाट जमिनीवरून चेंडू टाकत नाही. फलंदाज उभा राहतो त्या होम प्लेटपासून १८.४४ मीटरवर, उंचावर उभा राहून, उताराला पाय टाकत फेकतो. वर्षभर सपाटीवर सराव केलेला मुलगा विभागीय स्पर्धेत खऱ्या माउंडवर चढला की त्याचा पुढचा पाय जमिनीला उशिरा लागतो. पाय चुकला की हात चुकतो आणि चेंडू डोक्यावरून जातो. बघणारे म्हणतात, खेड्यातली पोरं, घाबरली. अंधारात जिना उतरताना एक पायरी जास्त निघाली तर कोणाचंही जे होईल, तेच त्यांचं झालेलं असतं.

टेनिस बॉल क्रिकेटशी माझं वैर नाही. त्याच स्पर्धेत मी अंपायर असतो आणि आलूबोंड्याची प्लेट संपवूनच घरी जातो. तो कोपरा सोडूनही सीमारेषा आखता आली असती, एवढंच.

आता दुसरा निर्णय. माझं खरं गाऱ्हाणं त्यातच आहे. शिबिर बंद आणि निवड सुरू, म्हणजे खेळाडू कुठेतरी तयारच असतात, आपण एक दिवस मांडव घालायचा आणि त्यातले बरे उचलायचे, असा हिशेब झाला. बैलबाजारात जोडी बघावी तसा. पण बाजारात आलेला बैलही कुणीतरी आधी औताला लावून, दोन हंगाम मागे फिरून, शिकवलेला असतो.

ज्या अमेरिकेत हा खेळ लोकांच्या पोटापाण्याचा आहे, तिथे हा हिशेब शंभर वर्षांपूर्वीच मोडीत निघाला. सेंट लुईस कार्डिनल्स हा तेव्हा पैशानं हलका संघ. न्यूयॉर्कसारखे संघ तयार खेळाडू विकत घेत, यांची तेवढी ऐपत नव्हती. संघाचा कारभार बघणाऱ्या ब्रँच रिकी यांनी १९२० च्या दशकात लहान गावांतले छोटे संघ एकेक करून हाताशी घेतले आणि कोवळी पोरं तिथे वाढवायला घेतली. त्या पद्धतीला नावच पडलं फार्म सिस्टिम. शेती. १९२६ मध्ये या कार्डिनल्सनी न्यूयॉर्क यांकीजला हरवून वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिथली अजिंक्यपदाची अंतिम मालिका, जिंकली.

रिकी पुढे ब्रुकलिन डॉजर्सकडे गेले. १९४८ मध्ये फ्लोरिडातल्या व्हेरो बीचला, नौदलाच्या रिकाम्या तळावर, त्यांनी मोठं शिबिर उभं केलं. बराकींमध्ये राहणारे शेकडो खेळाडू, चेंडू फेकणारी यंत्रं आणि पिचरसमोर खांबांना ताणलेल्या दोऱ्या. दोऱ्या कशासाठी, तर स्ट्राइक झोनची, म्हणजे चेंडू ज्यातून जायला हवा ती प्लेटवरची चौकट डोळ्यांना दिसावी म्हणून. हे वाचलं त्याच आठवड्यात मी दोन बांबू रोवले आणि सुतळी बांधली. रुंदी प्लेटएवढी, ४३ सेंटिमीटर. खाली गुडघा, वर छाती. चेंडू सुतळीला घासला की ती थरथरते आणि पोरगं आपणच म्हणतं, "बाहेर गेला, सर." मला तोंड उघडावं लागत नाही. सुतळीचा गुंडा मी बाजारातून तीस रुपयांना आणला होता.

शिबिर बंद करायला तुमच्या पत्रात खर्चाचं कारण दिलं आहे. हेच कारण देऊन कॅन्सस सिटी रॉयल्सनी आपली अकादमी १९७४ मध्ये बंद केली होती. संघाचे मालक युइंग कॉफमन औषधांच्या धंद्यातले, बेसबॉलच्या जुन्या चालीरीतींचं ओझं त्यांच्या डोक्यावर नव्हतं. त्यांनी १९७० मध्ये फ्लोरिडातल्या सरासोटाला ही अकादमी काढली आणि ठिकठिकाणी चाचण्या घेऊन चपळ, धावरी, नजरेची तेज पोरं उचलली. बेसबॉल कमी खेळलेली असली तरी चालतील, तो आम्ही शिकवू, असं म्हणून. त्यात फ्रँक व्हाइट होता. त्याच्या शाळेत बेसबॉलचा संघच नव्हता. रॉयल्सचं नवं स्टेडियम बांधलं जात होतं तिथे हा मजुरीला होता. त्याच स्टेडियमवर सेकंड बेसला उभं राहून त्यानं पुढे क्षेत्ररक्षणाचे ८ गोल्ड ग्लव्ह पुरस्कार मिळवले आणि १९८५ ची वर्ल्ड सिरीज जिंकणाऱ्या संघातही तो होता. आपल्या एका दिवसाच्या चाचणीत हा माणूस बसला असता का? त्याच्याकडे दाखवायला प्रमाणपत्र नव्हतं, ग्लोव्हही धड नसावा.

हल्लीचं सांगायचं तर ही घडवण्याची चढाओढ आता यंत्रांवर गेली आहे. २०१५ पासून तिथल्या मोठ्या लीगच्या सगळ्या ३० संघांच्या मैदानांवर प्रत्येक चेंडू मोजला जातो. वेग किती, मिनिटाला फिरक्या किती, बॅटवरून किती अंशात उडाला. सेकंदाला शेकडो चित्रं घेणारे कॅमेरे पिचरच्या बोटांवर लावतात, चेंडू सुटताना शेवटचं कोणतं बोट लागतं ते बघायला. टँपा बे रेज हा कायम कमी पैशांत चालणारा संघ अशाच घडवणुकीवर २००८ आणि २०२० मध्ये वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचला.

पण मला त्या सगळ्यात रिच हिलची गोष्ट आवडते, कारण तिच्यात यंत्रापेक्षा माणूस जास्त आहे. २०१५ चा उन्हाळा. वय ३५, मोठ्या संघांनी सोडून दिलेला, लाँग आयलंड डक्स नावाच्या स्वतंत्र लीगमधल्या संघात तो चेंडू टाकत होता. बोस्टन रेड सॉक्सनी त्याला खालच्या संघात घेतलं. तिथे त्यांचे पिचिंगचे अभ्यासक ब्रायन बॅनिस्टर आकडे घेऊन त्याच्याशी बोलले. तुझा कर्व्हबॉल इतका चांगला फिरतो, मग तू तो एवढा कमी का टाकतोस? त्यानं तो वाढवला. सप्टेंबरमध्ये मोठ्या संघात परतल्यावर पहिल्याच सामन्यात ७ डावांत १० फलंदाज स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद. पुढच्या वर्षअखेरीस डॉजर्सनी त्याच्याशी ३ वर्षांचा ४ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला. हात तोच होता. फक्त कुणीतरी त्याच्याकडे नीट बघितलं.

आमच्याकडे बघणारं कोण आहे? तालुक्यात किती शाळांत क्रीडाशिक्षक आहेत, ते तुमच्याच दप्तरात बघा. मी पी.टी.चा सर, पण आठवीला भूगोल आणि सहावीला मराठीही माझ्याकडेच. मी जे शिकलो ते रात्री लाईट असली की मोबाईलवर बघून. आणि अशा शिकण्यात काय होतं तेही कबूल करतो. सिएटलजवळ काइल बॉडी नावाच्या माणसानं ड्राइव्हलाइन ही प्रयोगशाळा काढली. तो मोठ्या लीगमध्ये कधी खेळलेला नाही, पण कमीजास्त वजनाचे चेंडू फेकायला लावून त्यानं पिचरांचे वेग वाढवले आणि २०१९ मध्ये सिनसिनाटी रेड्सनी त्यालाच कामावर घेतलं. मी ते अर्धवट बघितलं, टेनिस बॉलला चीर पाडून त्यात वाळू भरली, टेप गुंडाळला आणि पोरांना फेकायला दिला. तिसऱ्या दिवशी दोघांचे खांदे धरले. वजनाचे चेंडू किती, कोणत्या वयात, किती आठवडे आणि आधी शरीर किती तयार पाहिजे, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या दोन पोरांच्या घरी जाऊन मी माफी मागितली. प्रशिक्षकालाच प्रशिक्षण नसेल तर असं होतं.

माझ्या उजव्या हाताचंही सांगून टाकतो, म्हणजे यात माझा स्वार्थ काय ते कळेल. कॉलेजात असताना एका निवड चाचणीला सकाळपासून उन्हं कलेपर्यंत मला चेंडू टाकायला लावले. निवड झाली, प्रमाणपत्र मिळालं, नोकरीच्या वेळी ते कामीही आलं. त्या दिवसापासून हात खांद्याच्या वर नीट जात नाही. वर्गात फळ्याच्या वरच्या ओळीत तारीख आणि सुविचार पोरंच लिहितात. त्यांना वाटतं, सर आळशी आहेत.

गेल्या वर्षी हेच मी दुसऱ्यांदा पाहिलं. आमच्याकडे एक डावखुरा मुलगा आहे, सगळे त्याला डावऱ्याच म्हणतात. वय पंधरा, बाप सालदार. त्याचा हात कोणत्याही समितीनं शोधलेला नाही, हरभऱ्यात घुसणाऱ्या रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, शोधला. रात्रीच्या जागलीला गोफण फिरवून आणि ढेकळं मारून त्याचा खांदा असा झालाय की चेंडू हातातून सुटला की कॅचरच्या ग्लोव्हमध्ये फटाका वाजतो. निवडीच्या दिवशी सकाळी कौशल्य चाचणी, दुपारी सामना, चहानंतर पुन्हा सामना. समितीतल्या ज्याला त्याला या डावऱ्याला बघायचं होतं. मी खिशात चिंचोके ठेवतो. एक चेंडू पडला की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात. संध्याकाळी उजव्या खिशात १६३ होते. दुसऱ्या दिवशी अंतिम फेरी, आणखी ८८. मी दोनदा उठून सांगितलं. मला बसायला सांगितलं गेलं.

परतीच्या एसटीत त्याला दांडी धरता येईना. "सर, कोपर जळून राह्यलं," एवढंच म्हणाला आणि खिडकीकडे तोंड करून बसला. डॉक्टरांनी तीन महिने फेकणं बंद सांगितलं. त्या हातानं यंदा कापूसही वेचला गेला नाही, म्हणजे घरातली तेवढी मजुरी गेली.

अमेरिकेत मेजर लीगनं आणि तिथल्या राष्ट्रीय संघटनेनं २०१४ मध्ये मुलांसाठी नियम काढले. १५-१६ वर्षांच्या मुलानं दिवसात ९५ च्या वर चेंडू टाकायचे नाहीत, आणि ७६ किंवा जास्त टाकले तर पुढचे चार दिवस हात बंद. ही काही लाडाची गोष्ट नाही. कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध फाटला की काय होतं, हे त्या लोकांनी भोगलेलं आहे. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरात त्याच्याच शरीरातला दुसरा स्नायुबंध काढून बसवला. त्या शस्त्रक्रियेला आजही त्या खेळाडूचं नाव आहे आणि ती आता शाळकरी पोरांवरही करावी लागते. आपल्या पोरांना ती कोण करून देणार?

जपानात तर शाळेच्या बेसबॉलचं वेड आपल्या पोळ्यापेक्षा मोठं. तिथे इवाते नावाचा डोंगरदऱ्यांचा, शेती-मासेमारीचा प्रांत आहे. २०१९ मध्ये तिथल्या ओफुनातो या सरकारी शाळेत रोकी सासाकी नावाचा मुलगा ताशी १६३ किलोमीटर वेगानं चेंडू टाकत होता. प्रांताचा अंतिम सामना जिंकला तर शाळा कोशिएनला, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेला जाणार. प्रांताच्या स्पर्धेत त्यानं आधीच चारशेवर चेंडू टाकले होते, एका सामन्यात तर १९४. प्रशिक्षकांनी अंतिम सामन्यात त्याला उतरवलंच नाही. शाळा १२-२ अशी हरली. लोक संतापले, शाळेत फोनवर फोन आले. नंतर चिबा लोट्टे मरीन्स या व्यावसायिक संघानं त्याला घेतलं आणि २०२० चं अख्खं वर्ष एकही अधिकृत सामना न खेळवता नुसतं शरीर घडवून घेतलं. १० एप्रिल २०२२ ला, विसाव्या वर्षी, त्यानं परफेक्ट गेम टाकला. सत्तावीस फलंदाज आले, एकालाही बेसवर पोचू दिलं नाही, १९ जणांना स्ट्राइकआउट केलं. आज तो डॉजर्सकडे आहे. जपानच्या शालेय संघटनेनंही २०२० पासून आठवड्याला ५०० चेंडूंची मर्यादा घातली.

अंतिम सामन्यात आपला सगळ्यात चांगला पोरगा बसवून ठेवणारा प्रशिक्षक आपल्या जिल्ह्यात असता, तर दुसऱ्या दिवशी त्याच्यावर कारणे दाखवा नोटीस निघाली असती. साहेब, हे तुम्हाला टोचून बोलत नाही. मीही कदाचित त्या जागी डावऱ्याला उतरवलंच असतं.

आणखी दोन-तीन गोष्टी, थोडक्यात.

तारखा. पाऊस उघडला की तालुका, दसऱ्याच्या आसपास जिल्हा, दिवाळीच्या आगेमागे विभाग. नेमकी तेव्हाच सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी. गेल्या वर्षी आमचे पाच खेळाडू स्पर्धेला आलेच नाहीत, गंजी लावायला घरी थांबले. त्यांना गैरहजर म्हणून बाद केलं गेलं. पोरींचं तर त्याहून अवघड. सॉफ्टबॉलमधली आमची सगळ्यात चांगली कॅचर वेचणीच्या दिवसांत शाळेतच येत नाही.

खाणं आणि झोप. मुक्कामाच्या स्पर्धेत पोरं शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपतात, सकाळी पोहे, दुपारी मिळालं ते. अमेरिकेतल्या खालच्या लीगमध्येही कित्येक वर्षं हेच होतं, एकेका खोलीत पाच-सहा जण हवेच्या गाद्यांवर. मग संघांच्याच लक्षात आलं की लाखो डॉलर देऊन घेतलेलं पोरगं उपाशी झोपवून घडत नाही. २०१९ मध्ये टोरोंटो ब्लू जेजनी खालच्या संघांचे पगार निम्म्याहून जास्त वाढवले आणि २०२२ पासून सगळ्याच संघांना राहण्याची सोय देणं बंधनकारक झालं. आमच्या पोरांना पगार नको. दोन उकडलेली अंडी, मूठभर शेंगदाणे आणि डास नसलेली खोली चालेल.

आणि प्रमाणपत्र. राज्यात खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. चांगलीच गोष्ट आहे, माझं घर त्यावर उभं राहिलं. पण त्यामुळे आपल्याकडे बेसबॉल हा प्रमाणपत्राचा खेळ होऊन बसलाय. निवडीच्या दिवशी अशी पोरं येतात की ग्लोव्ह उजव्या हातात घालू की डाव्या, असं मलाच विचारतात. पंधरा दिवसांचं शिबिर असलं की हजेरी असते, घाम असतो, आणि नुसत्या कागदासाठी आलेला चौथ्या दिवशी आपणच गळतो. एका दिवसाच्या चाचणीत तो कसा गळणार?

कुणी म्हणेल, सर अमेरिका-जपानच्या गोष्टी सांगतात, आपल्या मातीत हे व्हायचं नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून शिस्तीनं शरीरं घडवतंय आणि १९३६ मध्ये त्यांच्या खेळाडूंनी बर्लिनला जाऊन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवले. उमेश यादव वलनीच्या कोळसा खाणीत काम करणाऱ्याचा मुलगा, विशीच्या उंबरठ्यापर्यंत टेनिस बॉलवरच खेळलेला. विदर्भाच्या क्रिकेटला कित्येक वर्षं कुणी मोजत नव्हतं. २०१७-१८ मध्ये चंद्रकांत पंडितांच्या हाताखाली रणजी करंडक आला आणि पुढच्या वर्षी पुन्हा आला. ते एका दिवसाच्या निवडीतून आलं नव्हतं.

मागणी काय, ते आता सरळ लिहितो.

माउंडची माती परत त्याच कोपऱ्यात टाकायची परवानगी लेखी द्या, आणि तो कोपरा संकुलाच्या नकाशावर बेसबॉल-सॉफ्टबॉलसाठी राखीव दाखवा. मजुरी नको, ती आम्ही करू.

शिबिर पुन्हा सुरू करा. सलग पंधरा दिवस जमत नसतील तर शनिवार-रविवार धरून आठ आठवड्यांत वाटा, पण निवड त्या शिबिरातूनच करा. ट्रॅकसूटचे पैसे चेंडू आणि कॅचरच्या मास्क-पॅडवर घाला. ऑक्टोबर हीटमध्ये ट्रॅकसूट घालून उभं राहिलेलं पोरगं तुम्ही स्वतः बघितलंय, फोटोत तुम्ही शेजारीच आहात.

प्रत्येक सामन्यात आणि निवड चाचणीत पिचरचे चेंडू मोजणारी एक वही ठेवा. मर्यादा ओलांडली की पंचांनी त्याला उतरवायचं, प्रशिक्षक काहीही म्हणो. यासाठी शासन निर्णयाची वाट बघू नका. तुमच्या सहीचं एक पानी परिपत्रक पुरेसं आहे. मला सगळ्यात आधी हेच हवं आहे. बाकीचं एक वर्ष उशिरा झालं तरी चालेल.

जिल्ह्यातल्या क्रीडाशिक्षकांसाठी वर्षातून एकदा, जाणत्या प्रशिक्षकाला आणि हाडांच्या डॉक्टरांना बोलावून दोन दिवसांचा वर्ग घ्या. वाळूचे चेंडू बनवणारा मी एकटाच नसेन.

तारखा ठरवताना कृषी कार्यालयाला एक फोन करा.

रडार, कॅमेरे, प्रयोगशाळा यातलं काही मागत नाही. माझ्या मुलीच्या मोबाईलवर स्लो मोशन आहे, तेवढ्यावर आम्हाला दिसलं की डावऱ्याचा पुढचा खांदा जरा आधीच उघडतो आणि सगळा भार कोपरावर येतो. ते दुरुस्त करायला एक पूर्ण हंगाम लागेल. लॉस एंजेलिसला २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये बेसबॉल आणि सॉफ्टबॉल आहेत. आमची पोरं तिथे जातील असं मी म्हणत नाही. त्यांचे हात तिशीतही फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत पोचावेत, एवढंच बघतोय.

जेसीबीनं ढकललेली माती अजून कुंपणाच्या भिंतीशी पडून आहे, तिच्यावर गाजरगवत उगवलंय. तुमचं पत्र आलं की पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता पोरं घमेली घेऊन येतील. तुम्हीही या, टोपी मात्र आणा, त्या कोपऱ्यात सावली नाही. परवानगी येईपर्यंत शाळेच्या मागच्या सपाट पटांगणात सराव चालू ठेवलाय. डावऱ्याचं फेकणं अजून बंद आहे, पण तो रोज येतो. लहान पोरं चेंडू टाकतात, आणि चिंचोके सध्या त्याच्या खिशात असतात.

आपला,
एक क्रीडाशिक्षक